ईम: प्लेगचं गाव, हद्दीचा दगड आणि मुलांसोबतची सुट्टी

शेफील्ड, मँचेस्टर, डर्बी, नॉटिंगहॅम या भागात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबं सुट्टीत कुठे जावं असं विचारतात, तेव्हा मी सगळ्यात आधी डर्बीशायरमधल्या ईम या गावाचं नाव घेते. गाव पीक डिस्ट्रिक्टमध्ये आहे. १९५१ साली जाहीर झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. दगडी घरं, खिडक्यांखालची फुलझाडं, टेकडीवर चरणाऱ्या मेंढ्या हे सगळं इथे आहेच, पण तेवढं आसपासच्या कितीतरी गावांत बघायला मिळतं. ईमला जायचं ते साडेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी काय केलं ते समजून घ्यायला. आणि गावापासून अर्ध्या तासाच्या अंतरात मुलांना दिवसभर रमवतील अशा जागा असल्यामुळे घरातल्या लहानथोरांना एकाच सहलीत सांभाळता येतं.

माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: सकाळ पूर्ण ईमला द्या आणि दुपारी आणखी एकच ठिकाण करा. एका दिवसात चार ठिकाणं उरकायची म्हटलं की सगळ्यात आधी काट बसते ती ईमलाच, कारण तिथे पाळणे नाहीत, तिकिटाची रांग नाही आणि गाडीच्या काचेतून बघितलं तर गाव पाच मिनिटांत संपतं.

निघण्याआधी घरी गोष्ट सांगा

ही पायरी गाळू नका. गोष्ट माहीत नसेल तर मुलांना गावात फक्त जुनी घरं दिसतात.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ होती. उन्हाळा सरताना तिथून ईममधल्या अलेक्झांडर हॅडफिल्ड या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. कापड ओलसर होतं, म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स याने ते शेकोटीपुढे वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या असं मानलं जातं. व्हिकर्स काही दिवसांतच गेला. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचं दफन झालं. त्यानंतर शेजारच्या घरांत एकामागून एक माणसं जाऊ लागली. थंडीत साथ मंदावली आणि पुढच्या वर्षी ऊन वाढलं तशी पुन्हा भडकली.

जून १६६६ मध्ये गावाचा तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन याने लोकांपुढे एक कठीण प्रस्ताव ठेवला: गावाबाहेर कोणी जायचं नाही, रोग पुढे न्यायचा नाही. मॉम्पेसन गावात नवखा होता. लोकांचा खरा विश्वास होता आधीच्या धर्मगुरूवर, टॉमस स्टॅन्लीवर. नव्या राजवटीचे धार्मिक नियम मान्य न केल्यामुळे स्टॅन्लीचं पद गेलं होतं. दोघांची मतं जुळणारी नव्हती, तरीही दोघे एकत्र लोकांसमोर उभे राहिले आणि गावाने ऐकलं. चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर, कक्लेट डेल्फ नावाच्या दरीत सुरू झाल्या, म्हणजे माणसं एकमेकांपासून लांब उभी राहू शकतील. ज्याने त्याने आपली माणसं आपल्याच शेतात, परसात पुरायची असं ठरलं. चॅट्सवर्थच्या वाड्यातून अर्ल ऑफ डेव्हनशायरने धान्य आणि औषधं पाठवली. शेजारच्या गावांचे लोक हद्दीवर सामान ठेवून निघून जात. साथ १४ महिने चालली आणि सुमारे २६० माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन हीसुद्धा त्यात होती.

आपल्या घरांतून ही गोष्ट वेगळीच ऐकू येते, कारण प्लेगची आठवण आपल्याकडेही आहे. 'उंदीर पडायला लागले' की अख्खं गाव घरं सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचं, हे पणज्यांकडून ऐकलेले लोक अजून आहेत. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते १८९८ मध्ये, कराचीत. त्याच्या आदल्या वर्षी, १८९७च्या जानेवारीत, हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती आणि १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं निधन झालं. मुलांना सावित्रीबाई शाळेतून माहीत असतात. ईमच्या आधी त्यांच्याबद्दल दोन वाक्यं बोलली, तर मुलं गावात बरोबर प्रश्न विचारतात: आपल्याकडे लोक घर सोडून जायचे, मग हे लोक का थांबले? उंदीर-पिसवांचा संबंध कळला की माळावर जाणं शहाणपणाचं होतं हेही कळतं. ईमच्या लोकांना मात्र तसं काही ठाऊक नव्हतं. माणसापासून माणसाला रोग लागतो, एवढ्याच समजुतीवर त्यांनी स्वतःला अडकवून घेतलं.

फार लहान मुलांना मृत्यूचे आकडे सांगू नका. 'गावातले लोक आजारी होते, म्हणून शेजारचे लोक त्यांच्यासाठी दगडावर खाऊ ठेवून जायचे' एवढं पुरतं, आणि तो दगड प्रत्यक्ष बघायला मिळतो.

कधी आणि कसं जायचं

एप्रिल ते ऑक्टोबर हा सोयीचा काळ. गावातलं छोटं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं आणि एरवीही सोमवारी सहसा बंद, त्यामुळे निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर वार आणि वेळ बघाच. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट निवडा. त्या सुमारास शेफील्डहून येणाऱ्या रस्त्यालगतचं माळरान हेदरच्या फुलांनी जांभळं झालेलं असतं आणि गावात विहिरी सजवण्याचा सण असतो. लाकडी चौकटीत ओली माती थापून त्यावर पाकळ्या, पानं, बिया एकेक करून दाबून मोठी चित्रं करतात. पाकळ्यांची उभी रांगोळीच ती. डर्बीशायरची ही खास परंपरा आहे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कक्लेट डेल्फमध्ये प्लेगच्या स्मरणार्थ प्रार्थना होते. त्या दिवशी गर्दी असते, हे मात्र धरून चला.

गाडीने शेफील्डहून साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, मँचेस्टरहून तासभर किंवा थोडा जास्त. तुम्ही नुकतेच इथे राहायला आला असाल तर भारतातल्या परवान्यावर पहिले १२ महिने गाडी चालवता येते. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला वयाप्रमाणे योग्य ती सीट लागते, भाड्याच्या गाडीतसुद्धा. ती गाडी ठरवतानाच मागून घ्या. रस्ते अरुंद आणि दगडी भिंतींच्या मधून जाणारे आहेत. समोरून गाडी आली तर रुंद जागा बघून थांबा, समोरचा हात करून आभार मानतो, तुम्हीही करा.

गाडी नसेल तरी अडत नाही. शेफील्डहून बक्स्टनकडे जाणारी ६५ नंबरची बस ईममधून जाते. फेऱ्या थोड्या आहेत, म्हणून जाण्याआधी परतीची वेळ पाठ करून ठेवा, विशेषतः रविवारी. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वाचून ड्रायव्हरला 'एयाम' सांगू नका, 'ईम' म्हणा. दुसरा पर्याय शेफील्ड-मँचेस्टर रेल्वेचा: ग्रिंडलफर्ड स्टेशनवर उतरायचं आणि तिथून टॅक्सी. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवा, स्टेशनबाहेर ती उभी नसते. शेफील्डकडून येताना ग्रिंडलफर्डच्या अगदी आधी गाडी साडेतीन मैलांहून लांब बोगद्यातून जाते, मुलांना आधीच सांगून ठेवा. पाच वर्षांपुढची मुलं असतील आणि रेल्वेने वारंवार फिरणार असाल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. मोठ्यांना तिकिटात एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट मिळते. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

बॅगेत पावसाचं जॅकेट उन्हाळ्यातही असू द्या. छत्री या वाऱ्यात टिकत नाही. चिखल चालेल असे बूट, मोज्यांचा जादा जोड, पाणी आणि फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा, कारण दरीत नेटवर्क जातं.

गावात पोचल्यावर

गाडी हॉकहिल रोडवरच्या वाहनतळावर लावा. संग्रहालय समोरच आहे. गावातल्या रस्त्यावर, कोणाच्या दारासमोर गाडी लावू नका. ही सगळी राहती घरं आहेत.

सुरुवात संग्रहालयापासून करा. जुन्या मेथडिस्ट प्रार्थनागृहात ते १९९४ मध्ये सुरू झालं. छपरावरच्या वातकुक्कुटाच्या जागी उंदीर आहे, तो मुलांना आधी शोधू द्या. आत साथीची हकीकत घराघरांच्या पातळीवर मांडली आहे: कोणत्या घरात कोण, कोणत्या तारखेला. तासाभरात बघून होतं आणि पुढचं सगळं गाव त्यानंतर वेगळं दिसतं.

तिथून खाली मुख्य रस्त्यावर या आणि चर्चकडे चालत जा. वाटेत प्लेग कॉटेजेस लागतात. घरांपुढे हिरव्या पाट्या आहेत, त्यावर त्या घरातली नावं आणि तारखा. मोठ्या मुलांना या पाट्या मोठ्याने वाचायला सांगा, मात्र ओरडून नव्हे, कारण पाटीच्या मागच्या खिडकीत कोणीतरी चहा पीत बसलेलं असतं. फोटो पाटीचा घ्या, खिडकीतून आतला घेऊ नका. कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका.

सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आठव्या शतकातला दगडी क्रूस उभा आहे, म्हणजे प्लेगच्या वेळीही तो नऊशे वर्षांचा जुना होता. कॅथरीन मॉम्पेसनची समाधी जवळच आहे. साथीत चर्चच्या आवारात दफन बंद झालं होतं, तरी तिला इथे जागा मिळाली. भिंतीवर १७७५ सालची गुंतागुंतीची सूर्यघटिका आहे. ऊन असेल तर मुलांना घड्याळाशी ताडून बघू द्या. आत प्लेगची गोष्ट सांगणारी रंगीत काचेची खिडकी आहे. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. एरवी कोणीही आत जाऊ शकतं, तिकीट नाही. दानपेटीत काही टाकलंत तर चांगलं.

पुढे ईम हॉल, सतराव्या शतकातला वाडा. त्याच्या समोरच्या हिरवळीवर गुन्हेगाराचे पाय अडकवायचा लाकडी खोडा आहे. मुलं तिथे रमतात, त्यांना दहा मिनिटं द्या.

हद्दीच्या दगडापर्यंत चालत जा

माझ्या मते सगळ्या सहलीचा गाभा हा आहे आणि बहुतेक लोक नेमका तोच वगळतात. गावाच्या मध्यापासून लिडगेट नावाच्या गल्लीने निघायचं. वाटेत कुंपणाआड १६६६ सालच्या दोन कबरी दिसतात, जॉर्ज आणि मेरी डार्बी या बाप-लेकीच्या. पुढे डांबर संपतं, शेतातली पायवाट सुरू होते आणि पंधरा-वीस मिनिटांत डावी-उजवीकडे उघडं रान असलेल्या जागी तो दगड येतो. वर खोदलेली भोकं आहेत. ईमचे लोक त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवत, रोग नाण्यांबरोबर जाऊ नये म्हणून. खालच्या स्टोनी मिडलटन गावाचे लोक ती नाणी घेऊन अन्न ठेवून जात. मुलं हमखास भोकांत बोटं घालतात आणि काही जण तिथे आजही नाणी ठेवून गेलेले दिसतात.

दगडाशी उभं राहून खाली बघितलं की स्टोनी मिडलटनची घरं किती जवळ आहेत ते कळतं. धावत सुटलं तर दहा मिनिटांत पोचता येईल एवढ्या अंतरावर निरोगी गाव दिसत होतं आणि उन्हाळाभर लोक इथून मागे वळत होते. पुस्तकात वाचून हे अंतर कळत नाही, म्हणून चालत जायचं.

या वाटेवर बाबागाडी जात नाही. भिंतीत माणूस आडवा होऊन जाईल एवढीच फट असते, पावसानंतर घसरडंही होतं. तान्हं मूल असेल तर कांगारू पिशवीत घ्या. फाटक उघडलंत तर मागे बंद करा. गाई चरत असतील तर कडेने, शांतपणे चाला. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना गावातल्या चहाच्या दुकानात बसवून बाकीच्यांनी जाऊन येणं उत्तम, दगडाकडून परत येताना चढ लागतो.

पाय अजून चालत असतील तर गावाच्या पूर्वेला साधारण अर्ध्या मैलावर रायली ग्रेव्ह्ज आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गमावली आणि सगळ्यांना एकटीने पुरलं. शेतात गोल दगडी भिंतीच्या आत त्या कबरी आहेत. जागा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि जागा जपणाऱ्या संस्थेची आहे, तिकीट नाही. लहान मुलांना इथे नेऊ नका असं मी म्हणेन. मोठ्यांनी दोघांत वाटून, आलटून पालटून जाऊन यावं.

जेवण

गावात चहाची दुकानं आणि माइनर्स आर्म्स हा जुना पब आहे. पबमध्ये मुलं चालतात, जेवण टेबलावर मागवायचं की काउंटरवर ते आत शिरताच विचारून घ्या. स्वयंपाकघर दुपारी बंद होतं, म्हणून दीडच्या आत बसा. शाकाहारी असाल तर सूप, जॅकेट पोटॅटो, चीज-कांद्याचा पाय असं काही ना काही मिळतं. चिप्सच्या बाबतीत मात्र सावध राहा: उत्तर इंग्लंडमधल्या बऱ्याच दुकानांत त्या गाईच्या चरबीत तळतात. 'कशात तळता?' असं सरळ विचारा, कोणाला वाईट वाटत नाही. आम्ही बहुतेक वेळा घरून मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी नेतो आणि हिरवळीवरच्या बाकावर बसून खातो. उरलेलं आणि कागद परत आपल्याच पिशवीत.

दुपारी कुठे

मुलं आठ वर्षांच्या आतली असतील तर चॅट्सवर्थ. गाडीने वीस मिनिटं. तिथलं फार्मयार्ड आणि शेजारचं साहसी खेळांचं मैदान एवढ्यासाठीच तिकीट काढता येतं, वाडा-बाग घेतलीच पाहिजे असं नाही. गाईची धार काढताना जवळून बघायला मिळते. शहरात वाढलेल्या मुलांचे डोळे विस्फारतात. मोठी मुलं असतील तर बाग घ्या. १८४४ साली इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने उभारलेलं एम्परर कारंजं पंपाशिवाय चालतं, टेकडीवरच्या तलावाचं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर वर उडतं. याच पॅक्स्टनने १८३०च्या दशकात इथल्या काचघरात मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप वाढवलं आणि मालकाच्या घराण्यावरून त्याला कॅव्हेंडिश नाव पडलं. जळगावची बसराई आणि आता सगळीकडे लागलेली ग्रँड नैन ही त्याच कॅव्हेंडिश गटातली केळी. खानदेशातल्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना चॅट्सवर्थ एकदम घरचं वाटू लागतं. एक सूचना: चॅट्सवर्थ नॅशनल ट्रस्टचं नाही, त्यांचं सभासदत्व इथे चालत नाही. तिकीट आधी ऑनलाइन घ्या आणि हिवाळ्यात वाडा काही काळ बंद असतो हे लक्षात ठेवा.

सायकल येणारी मुलं असतील तर मॉन्सल ट्रेल. जुन्या रेल्वेमार्गाची ही साडेआठ मैलांची सपाट वाट आहे, गाड्यांची भीती नाही. २०११ पासून तिच्यावरचे बोगदे दिवे लावून खुले केले आहेत. हॅसप स्टेशनवर सायकली भाड्याने मिळतात, मागे जोडायची लहान मुलांची गाडीसुद्धा. पूर्ण वाट करायची गरज नाही. हॅसपहून मॉन्सल हेडच्या पुलापर्यंत जाऊन परत आलात तरी पुरे. जवळच्या बेकवेलमध्ये नदीकाठी बदकं आणि प्रसिद्ध बेकवेल पुडिंग. त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं. सोमवारी तिथे बाजार भरतो, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळणं अवघड.

पाऊस असेल तर कॅसलटनच्या गुहा. स्पीडवेल गुहेत शंभरेक पायऱ्या उतरून जमिनीखालच्या कालव्यातून होडीने नेतात. छत ठेंगणं आहे, अंधाराची भीती असलेल्या मुलाला नेऊ नका. आत वर्षभर गार असतं, स्वेटर लागतोच. पाऊस थांबला तर गावाच्या पश्चिमेला माम टॉर डोंगराखालचा तुटलेला रस्ता बघा. डोंगर सतत घसरत राहिल्याने १९७९ साली तो रस्ता कायमचा बंद केला. उखडलेल्या डांबराच्या पायऱ्यांवरून मुलं तासभर उड्या मारतात. नवशिक्या ड्रायव्हरने जवळच्या विनॅट्स पास या घाटाच्या चढावर मात्र गाडी घालू नये.

मॅटलॉक बाथची हाइट्स ऑफ अब्राहमची केबल कार आणि क्रिचचं ट्रॅमचं संग्रहालय ही दोन्ही ठिकाणं छान आहेत, पण ईमच्या जोडीला घेऊ नका. ती दोन्ही दक्षिणेला आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र दिवस लागतो. आई-बाबा भारतातून आले असतील तर क्रिच नक्की करा: दारात जुनी पेनी हातात देतात, ती कंडक्टरला देऊन जुन्या ट्रॅममध्ये बसायचं, आणि एकदा तिकीट काढलं की दिवसभर हव्या तितक्या फेऱ्या. मुंबईची ट्रॅम १९६४ साली बंद झाली. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला आहे त्यांना वरच्या मजल्यावर पुढची जागा धरून द्या. क्रिचही हिवाळ्यात बंद असतं, उघडण्याचे वार बघून मगच निघा.